टॉवेलाखालची किंमत

मेस्त्रींच्या खांद्यांवर कायम दोन टॉवेल असत. उजव्या खांद्यावरचा ऑइल आणि ग्रीसने इतका काळा झालेला, की त्याचा मूळ रंग कोणता हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. डाव्या खांद्यावरचा मात्र पांढराशुभ्र, घडी न मोडलेला. उजवा टॉवेल हात पुसायला आणि डावा किंमत सांगायला. कराडात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. स्टँडवर उतरून "टॉवेल मेस्त्री कुठं?" असं विचारलं की लोक थेट गॅरेजच्या दारात आणून सोडत.

किंमत सांगायला टॉवेल कशाला, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. मेस्त्रींचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथे जुने लोक सौदा तोंडाने करत नसत. टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. आकडा सांगून हात सोडला, तर नुसताच दर सांगितला. सोडला नाही, तर जनावर मला हवंय, पुढे बोलू. मेस्त्री फौजेत गेले, गाड्यांचं काम शिकले, पेन्शन घेऊन परतले आणि गॅरेज टाकलं, पण जुन्या गाडीची किंमत काढायची वेळ आली की ते वडिलांचे चिरंजीव होत. "किंमत चारचौघांत बोलायची नसती," म्हणायचे. "बैल असू दे न्हाईतर गाडी, त्याची अब्रू जाती."

जुनी गाडी घेणारे-विकणारे साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे लोक त्यांच्याकडे येत. मेस्त्री आधी गाडीकडे बघतच नसत. विकणाऱ्याला विचारत, "का इकताय?" उत्तर खोटं वाटलं तर "आज टाइम न्हाई" म्हणून दुसऱ्या गाडीखाली शिरत आणि तो माणूस जाईपर्यंत बाहेर येत नसत. उत्तर पटलं की मग गाडीभोवती एक फेरी, बॉनेटवर तळहात ठेवून दोन मिनिटं गप्प, ऑइलची पट्टी काढून तिचा वास, आणि शेवटी काचा वर करून हायवेला एक चक्कर. शेजारी बसणाऱ्याने बोलायचं नाही. फी म्हणजे एक नारळ. तोही गाडीसमोर फोडायचा आणि खोबरं सगळ्यांनी खायचं.

घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ते एकच आकडा सांगत, त्यामुळे त्यांच्यावर खूश असलेला माणूस मी फारसा पाहिला नाही. एकदा साखर कारखान्यातले एक साहेब आणि एक हायस्कूलचे मास्तर माझ्यासमोर नारळ न फोडताच तणतणत गेले. साहेबांना किंमत कमी वाटली, मास्तरांना जास्त. मी म्हटलं, "मेस्त्री, दोन्ही गिऱ्हाइकं घालवलीत." ते हसले. "ताई, दोन्हीकडचं रागावलं म्हंजे आकडा बरुबर. गाडीच्या किमती तीन असत्यात. एक इकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, आन एक गाडीची. मला तिसरीच कळती." आठ दिवसांनी ती जोडी नारळ घेऊन परत आली. मी सांगलीत चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण उत्तरावर इतका भरवसा असलेला माणूस मला शिक्षकांच्या खोलीत कधी भेटला नाही.

माझी आणि त्यांची ओळख नानांच्या गाडीमुळे. नाना म्हणजे माझे वडील, साताऱ्यात डॉक्टर. त्यांच्याकडे एक हिरवी, उघडी, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स कार होती. एक पेशंट कायमचा परदेशी निघाला तेव्हा त्याने ती नानांना देऊन टाकल्यासारखीच विकली होती. पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे, म्हणून अख्खा सातारा तिला "डॉक्टरांची बेडकी" म्हणे. आमच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. पेशंटच्या घरी बेडकीतून गेलं की आधी दहा माणसं गाडीभोवती जमत, आजारी माणूस नंतर. आई तिच्यात दोनदाच बसली. दुसऱ्यांदा पाचवडच्या पुढे तिच्या अंबाड्यातला गजरा उडाला आणि नानांनी थांबायला नकार दिला. त्यानंतर ती कायम एसटीने गेली.

साताऱ्यातले सगळे मेकॅनिक ओलांडून नाना बेडकी कराडला नेत. मेस्त्री फौजेतून आल्यावर त्यांच्या गॅरेजात आलेली पहिली गाडी तीच होती. तिच्या भागांची नावं सुद्धा त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हती. मेस्त्रींनी ती पूर्ण खोलली, प्रत्येक नट कागदावर मांडून त्याचं चित्र काढलं आणि पुन्हा जोडली. काम झालं की फौजी पद्धतीने टाच जुळवून म्हणायचे, "ओके रिपोर्ट, डाक्टरसाब." मात्र त्याआधी ट्रायल. इतर गाड्यांची ट्रायल कोयनेच्या पुलापर्यंत. बेडकीची ट्रायल वर्षागणिक लांबत गेली. आधी उंब्रज, मग थेट सातारा, आणि एकदा तर सकाळी गेलेले मेस्त्री दुपारी परतले तेव्हा सीटच्या खाली स्ट्रॉबेरीची रिकामी पेटी सापडली. "मेस्त्री, ट्रायल महाबळेश्वरला गेली होती वाटतं," नाना म्हणाले. मेस्त्री जमिनीकडे बघून म्हणाले, "चढाला कशी वडती त्ये बघितलं." नाना त्यावर वर्षभर हसत होते.

हे आधीच सांगून टाकते. मेस्त्रींना ती गाडी हवी होती. त्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितलं असतं असं मला वाटत नाही, आणि तीही त्यांनी मागितली नाही. त्याला कारण मी.

पण त्याआधी इंजिनाची गोष्ट. एक काळ असा आला की पेट्रोल परवडेना आणि विलायती इंजिनाचे सुटे भाग काही केल्या मिळेनात. त्या दिवसांत आपल्याकडे निम्म्या गाड्यांना डिझेल इंजिनं बसली. नानांनाही तीच हौस आली. मेस्त्रींनी बेडकीचं मूळ इंजिन उतरवलं आणि एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. ते मावेना, म्हणून बॉनेट कापून वर एक टेंगूळ ठोकलं. गाडी मळणी यंत्रासारखी वाजू लागली, पण लिटरला दुप्पट पळू लागली. नानांनी पेढे वाटले. मेस्त्रींचं नाव जिल्हाभर झालं. मूळ इंजिन नानांनी मेढ्याच्या बाजूच्या एका पेशंटला रॉकेलवर भाताची गिरणी चालवायला देऊन टाकलं. त्यात काही वावगं झालं असं कुणालाच वाटलं नाही. आम्हा लोकांना चालणारी गाडी कळते. जशीच्या तशी राखलेली गाडी हे प्रकरण आमच्याकडे फार उशिरा आलं.

नाना गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. बेडकी बंगल्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी राहिली. मेस्त्री महिन्यातून एकदा कराडहून एसटीने येत, ती चालू करून दहा मिनिटं ठेवत आणि पुन्हा झाकून जात. याचे पैसे कुणी त्यांना दिले नाहीत, कुणी विचारलंही नाही. मग बंगला बिल्डरला द्यायचं ठरलं आणि दिवाळीच्या आत गॅरेज मोकळं करायची वेळ आली. माझा थोरला भाऊ अण्णा पुण्याहून आला, मी सांगलीहून आले आणि मेस्त्रींना बोलावणं धाडलं.

अण्णाने इंटरनेटवरच्या जाहिरातींचा गठ्ठाच छापून आणला होता. तशीच गाडी अमक्या शहरात एवढ्याला, तमक्या शहरात तेवढ्याला. शिवाय नानांची गाडी, गावाला माहीत असलेली, त्याचे वेगळे. मेस्त्रींनी कागद हातातही घेतले नाहीत. "थोरलं सायेब, आठवणीचा दर गाडीत धरत न्हाईत," म्हणाले. "तो घरात ठिवायचा." मग नेहमीचा प्रश्न, "का इकताय?"

"जागा नाही हो मेस्त्री," अण्णा म्हणाला.

"आन जागा आसती तर?"

अण्णा जाहिरातींचे कागद चाळू लागला. मेस्त्री आता उठून जातात की काय असं मला वाटलं. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ठेवून तरी काय करू? चालवणारं घरात कोणी राहिलं नाही." मेस्त्रींनी मान हलवली. "हे खरं हाय," म्हणाले आणि उठून बॉनेटवर हात ठेवला. त्या टेंगळावर त्यांचा तळहात बराच वेळ होता.

फेरी झाली, वास झाला, सदरबझारपर्यंत एक चक्कर झाली. मेस्त्रींनी डाव्या खांद्यावरचा टॉवेल काढला. अण्णा वैतागून म्हणाला, "अहो सरळ सांगा ना, इथे घरचेच आहोत." मेस्त्री अडखळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, चालंल का? बाईमाणसानं टॉवेलाखाली हात घातल्याचं मी तर कवा बघितलं न्हाई." मी हात पुढे केला. पांढऱ्या टॉवेलाखाली त्यांचा राठ, चिरा पडलेला हात माझ्या बोटांवरून गेला. एक, दोन, तीन, चार. चार लाख. आणि त्यांनी हात सोडला नाही.

हात न सोडण्याचा अर्थ मला माहीत होता. त्यांनीच पूर्वी कधीतरी चहा पिता पिता सांगितला होता. पण मी पडले गणिताची बाई. उत्तर आलं की फळ्यावर मोठ्याने सांगायचं, ही माझी चौतीस वर्षांची सवय. "चार," मी म्हणून गेले.

"चार?" अण्णा उसळला. "हा तर भंगाराचा भाव झाला. का, तर मूळ इंजिन नाही, डिझेल आहे म्हणून. ते बसवलं कोणी? तुम्हीच ना? मेस्त्री, गाडीवर डोळा असेल तर सरळ सांगा. किंमत पाडून कशाला घेताय?"

माझा हात अजून त्यांच्या हातात होता. तो एकदम रिकामा झाला. मेस्त्रींनी टॉवेलाची घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि खांद्यावर ठेवली. मी अण्णाला गप्प बसवायला हवं होतं. मी म्हटलं, "अरे असं काय बोलतोस," आणि तेही इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आलं. मेस्त्री म्हणाले, "थोरलं सायेब, इंजान काढलं मी. बशिवतो पन मीच. मग किंमत करू." नारळ तसाच ओट्यावर राहिला. संध्याकाळी त्याची चटणी झाली.

मेढ्याच्या पलीकडचं ते गाव शोधायला मी त्यांच्याबरोबर गेले. खरं तर प्रायश्चित्त म्हणून गेले. नानांची जुनी वही, दोन चहाच्या टपऱ्या आणि एक तलाठी एवढ्या शोधाशोधीनंतर गिरणीवाले आबा सापडले. ऐंशीच्या घरातले, तेही फौजेतलेच. "डाक्टरांचं इंजान व्हय?" ते खुशीत म्हणाले. "लय भात भरडलं त्यानं. मग लाइट आली, मोटार बसली, आन त्ये बसलं गप."

"हाय का कुठं?" मेस्त्रींनी विचारलं.

"हाय की. न्हाणीच्या म्हागं. सून त्येच्यावर कपडं धुती."

खरोखरच ते न्हाणीमागे अर्धं मातीत रुतून होतं आणि त्याच्या सपाट अंगावर साबणाचा बोटभर थर चढला होता. मेस्त्री गुडघ्यांवर बसले आणि चाकूने साबण खरवडू लागले. खाली नंबर निघाला. "आरसी बुक काढा, ताई." मी एकेक आकडा वाचत गेले, ते बोट फिरवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ते तिथेच चिखलात मांडी घालून बसले. "ह्येच," एवढंच म्हणाले. आबा म्हणाले, "न्या की, आमाला काय करायचंय. पर सुनंला धुवायला एक दगड आणून द्या." मेस्त्रींनी खरंच नदीतला एक सपाट दगड शोधला, टेम्पोतून आणला, पाणी निचरायला उतार देऊन तिथे नीट बसवला आणि मगच इंजिन चढवलं.

मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत माझ्या तोंडात एकच वाक्य घोळत होतं: मेस्त्री, हे राहू द्या, गाडी चारला तुम्हीच घ्या. साताऱ्याचा फाटा आला तरी मी ते बोलले नाही. अण्णा काय म्हणेल, हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईल.

बेडकी कराडला नेली आणि सात महिने मेस्त्रींनी दुसरं काम जवळजवळ घेतलंच नाही. गंजून आवळलेले पिस्टन डिझेलमध्ये बुडवून ठेवले, रोज सकाळी लाकडी हातोडीने एक-एक टोला. मिळणार नव्हते ते भाग माधवनगरच्या एका म्हाताऱ्या टर्नरकडून करून घेतले. त्यासाठी ते सांगलीला येत तेव्हा पिस्टन डाव्या खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसलेले असत. स्टँडवरून आधी माझ्याकडे. पोहे खाताना एकदा म्हणाले, "डिझेल बशिवलं तवा सगळी वाहवा करत हुती. मी बी हुरळलो. चांगल्या जित्त्या गाडीचं काळीज काढलं म्या, आन पेढं खाल्लं." मी म्हटलं, "मेस्त्री, सगळेच करत होते तसं." ते म्हणाले, "सगळी करत हुती, पर हात माजं हुतं."

बॉनेटवरचं टेंगूळही त्यांनी ठोकून सपाट केलं. हिरवा रंग जुळेना म्हणून चार वेळा खरवडून पुन्हा मारला. मग एक दिवस फोन आला, या म्हणून.

कराडला गेले तेव्हा अण्णा आधीच पोचला होता. गॅरेजच्या शेजारी एक नवी पत्र्याची शेड दिसली. नवी म्हणजे वर्ष-दीड वर्षाची असावी. खाली फरशी, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, दाराला कुलूप घालायची कडी. एका छोट्या गाडीपुरतीच. आत काहीच नव्हतं. "ही कशाला बांधली?" मी विचारलं. "आसंच," मेस्त्री म्हणाले आणि बेडकीकडे गेले. बेडकी बाहेर उन्हात उभी होती.

मेस्त्रींनी ती चालू केली. नानांच्या वेळचा तो मूळ आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला, आणि मला रडू आलं हे मी लपवत नाही. मेस्त्री मला शेजारी बसवून ट्रायलला निघाले, कोयनेच्या पुलापर्यंत गेले आणि तिथूनच वळले. दहा मिनिटं. बेडकीची इतकी छोटी ट्रायल त्यांनी कधी घेतली नव्हती. परत आल्यावर टॉवेल निघाला. एक पंजा. आणखी एक पंजा. एक बोट. मी मनात बेरीज करेपर्यंत त्यांनी हात काढून घेतला होता. "ओके रिपोर्ट," ते म्हणाले.

अकरा लाख. या वेळी मी मोठ्याने बोलले नाही, अण्णाच्या कानात सांगितलं. अण्णाने त्यांना मिठी मारायचीच बाकी होती. "मानलं तुम्हाला मेस्त्री, त्या दिवशी मी उगीच बोललो," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, माझा भाऊ वाईट माणूस नाही. मेस्त्री म्हणाले, "तवा चार बरुबर हुतं, आता अकरा बरुबर हाय." नारळ फुटला. त्यांनी खोबरं सगळ्यांना वाटलं, स्वतः घेतलं नाही. सुट्या भागांचा खर्च तेवढा घेतला आणि मजुरीचं नाव काढल्यावर उजव्या खांद्यावरच्या टॉवेलाने हात पुसत आत निघून गेले.

हेच ते दुसरं कारण. मूळ इंजिनाने किंमत वाढणार हे मला मेढ्याहून येतानाच कळत होतं. अकराचे निम्मे साडेपाच माझे होणार होते, आणि गणिताच्या बाईला भागाकार चटकन येतो. समोर रिकामी शेड होती, ती कुणासाठी हे मला कळत होतं. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने गाडी स्वतःच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवली, त्याला मी म्हणू शकले असते, की माझा वाटा मला नको. मी घड्याळ बघून म्हटलं, "निघायला हवं, सांगलीची गाडी चुकेल."

हायवेवर रिसॉर्ट काढलेल्या एका शेठने बेडकी अकराला घेतली, घासाघीस न करता. महिन्याभरात ती रिसॉर्टच्या दारात एका ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर चढली, रात्री खालून दिवे, दिवसा लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मेस्त्री एसटीने पुण्याला भाच्याकडे जात होते, खिडकीतून ती दिसली, तसे पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे गेले. वॉचमनला विनवून बॉनेट उघडायला लावलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. आपण होऊन केलेला तो त्यांचा दुसराच फोन.

"ताई, बॉनेट मोकळं हाय."

"म्हणजे?"

"इंजान काढलंय. ऑइल गळून फरशीला डाग पडाय लागलं, म्हनून. भंगारात घातलं म्हन्त्यात." मागे हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. "दगुड बसवून आणल्यालं ओ ते," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी शेठला फोन केला, भंगारवाल्यांकडे विचारून पाहिलं. इंजिन तोपर्यंत कुठल्या तरी भट्टीत वितळलं होतं. अण्णाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "विकल्यावर आपल्या हातात काय असतं?" बरोबरच होतं. विकण्याआधी मात्र होतं.

त्यानंतर मेस्त्रींनी किंमत करणं सोडलं. लोक येत, ते म्हणत, "आता मला कळत न्हाई." सुरुवातीला लोकांना वाटलं, म्हातारा भाव खातोय. मग त्यांनी पाहिलं, की डावा खांदा मोकळा आहे. उजव्या खांद्यावरचा काळा टॉवेल तेवढा राहिला होता, आणि पुढे गॅरेजही बंद झालं तेव्हा तोही गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटात काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कळल्यावर मी दुपारच्या गाडीने कराडला गेले. जाताना सांगलीतून एक कोरा पांढरा टॉवेल घेतला होता. का घेतला ते घेताना मला नीट माहीत नव्हतं. शेडमध्ये वहिनींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोने, शेळी बांधली होती. खड्ड्यावर फळ्या टाकून वर चाऱ्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. मेस्त्री आतल्या खोलीत कॉटवर होते, इतके लहान झालेले, की आधी मला पांघरूणच दिसलं. वहिनी म्हणाल्या, "बोला तुमी, मी चा टाकती."

मी टॉवेल पिशवीतून काढला, घडी मोडली आणि त्यांच्या हातावर पसरून खाली माझा हात घातला. "मेस्त्री," मी म्हटलं, "त्या दिवशी साताऱ्याला मी मोठ्याने बोलले नसते, तर तुम्ही पुढे काय सांगणार होता?"

त्यांनी डोळे उघडले. आढ्याकडे बघत राहिले. मग टॉवेलाखाली त्यांची बोटं हलली. जोर नव्हता, नुसता स्पर्श. एक, दोन, तीन, चार. थोडं थांबून अंगठा. अख्खा पंजा.

"पाच?" मी विचारलं. या वेळी कानाशी लागून. "गाडी तर चारची होती."

"चार गाडीचं," ते म्हणाले. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागला. "एक माजं."

वहिनी चहा घेऊन आल्या. टॉवेल बघून त्यांना हसू फुटलं. "आवं, आता हितं कसला सौदा काढलाय?"

"मोडल्याला," मेस्त्री म्हणाले.

वहिनींनी कप खुर्चीवर ठेवला. चहावर साय धरली, बाहेर शेळी ओरडायला लागली म्हणून वहिनी उठून गेल्या, तरी मेस्त्रींनी माझा हात सोडला नव्हता.